युरोपात भाड्याची गाडी : विमा कोणता घ्यावा, रस्ता कसा काढावा?

माचीवरून

नमस्कार मंडळी. जूनच्या अखेरीस आम्ही पाच जण (मी, बायको, आई-बाबा आणि सात वर्षांची लेक) म्युनिकला उतरून तिथूनच गाडी भाड्याने घेणार आहोत. मार्ग असा ठरतोय : म्युनिक, साल्झबर्ग, हालस्टाट, डोलोमाइट्स, स्टेल्व्हिओ खिंड, सेंट मॉरिट्झ, लाउटरब्रुनेन, लुसर्न आणि परत म्युनिक. म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड.

ताम्हिणी, वरंधा, आंबोली हे घाट मी वर्षानुवर्षं चालवलेत, त्यामुळे वळणांची चिंता नाही. अडलंय ते कागदांपाशी. बुकिंगच्या साइटवर 'सीडीडब्ल्यू समाविष्ट' (म्हणजे भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) असं लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात १,५०० युरोचा एक्सेस, म्हणजे नुकसानीतला आपल्या खिशातून जाणारा वाटा. 'फुल प्रोटेक्शन' म्हणून तीच साइट भाड्याच्या जवळपास निम्मे पैसे आणखी मागते. काउंटरवर पोहोचल्यावर पुन्हा एक विमा गळ्यात मारतात, असंही ऐकलं. व्हिसासाठी प्रवास विमा काढलेलाच आहे, तो गाडीला चालतो का? दुसरा प्रश्न रस्त्यांचा. नुसत्या गूगल मॅप्सच्या भरवशावर चार देश फिरता येतील का?

इसारकाठ

म्युनिकमध्ये राहतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांसाठी हे सगळं बरेचदा करून दिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रवास विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं ते दवाखाना, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत पाठवण्याच्या खर्चासाठी. भाड्याच्या गाडीचा दरवाजा चेपला तर त्याचा या रकमेशी काही संबंध नाही. भारतातल्या काही पॉलिसींमध्ये भाड्याच्या गाडीच्या एक्सेसचं वेगळं कलम असतं, ते तुमच्या पॉलिसीत आहे का हे एकदा वाचून घ्या.

आता गाडीचा विमा. समोरच्या माणसाचं किंवा त्याच्या गाडीचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, म्हणजे आपला थर्ड पार्टी, युरोपात कायद्यानेच बंधनकारक आहे आणि तो भाड्यात धरलेला असतो. प्रश्न उरतो तो तुमच्या हातातल्या गाडीचा. सीडीडब्ल्यू असेल तर कंपनी म्हणते की नुकसानीतले पहिले १,५०० युरो तुमचे, त्यावरचे आमचे. शिवाय काच, टायर, रिम, छप्पर आणि गाडीची खालची बाजू बहुतेक वेळा त्या वरच्या भागातूनही वगळलेली असते. म्हणजे तिथे एक्सेसची मर्यादाच लागू होत नाही, पूर्ण बिल तुमचं. डोंगरात नेमका मार बसतो तो टायर, रिम आणि काचेलाच. चुकीचं इंधन भरणं, किल्ली हरवणं, क्लच जाळणं हे तर कुठल्याच साध्या पॅकेजात नसतं.

ही दरी भरायला तीन वाटा आहेत.

काउंटरवरचं पूर्ण पॅकेज घेतलं की एक्सेस शून्य होतो. काही झालं तर कंपनी तुमच्याकडे पैसे मागतच नाही. मात्र दिवसाला वीस-तीस युरो सहज जातात. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर हेच पॅकेज आधी घेतलं तर बऱ्याचदा स्वस्त पडतं. जर्मन कागदात 'ओहने झेल्ब्स्टबेटाइलिगुंग' लिहिलं असेल तर एक्सेस शून्य आहे असं समजा.

तुम्ही म्हणता ते 'फुल प्रोटेक्शन' मधल्या दलाल साइटचं आहे. ते परतावा देणारं आहे, हे नीट लक्षात घ्या. ओरखडा निघाला तर गाडीवाली कंपनी तुमच्या कार्डावरून पैसे आधी कापणार, मग तुम्ही कागद गोळा करून दलालाकडे मागायचे. काउंटरवरच्या माणसाला या कागदाशी काहीही देणंघेणं नसतं. 'तुमच्याकडे विमा नाही' असं तो म्हणतो ते याच अर्थाने, आणि माणसं तिथेच घाबरून दुसऱ्यांदा विमा घेतात.

तिसरी वाट म्हणजे फक्त एक्सेसचा विमा देणाऱ्या वेगळ्या कंपन्या. स्वस्त असतात, पण त्यातल्या बऱ्याच फक्त ब्रिटनच्या किंवा युरोपातल्या रहिवाशांनाच पॉलिसी देतात. पुण्याचा पत्ता टाकून चालेल का, हे पैसे भरण्याआधी अटींमध्ये पाहा. नाहीतर हप्ता घेतील आणि दाव्याच्या वेळी रहिवासाचा पुरावा मागतील.

तुमच्या जागी मी असतो तर दोन ज्येष्ठ आणि एक लहान मूल बरोबर असताना पहिली वाट धरली असती, पण घरूनच, कंपनीच्या साइटवरून. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर काउंटरसमोर उभं राहून घेण्याचा हा निर्णय नाही.

टेम्सपार

इसारकाठ यांच्याशी बाकी सहमत, शेवटच्या सल्ल्याशी नाही. आम्ही लंडनहून दर सुट्टीत गाडी घेतो. एक्सेसची वर्षाची पॉलिसी मला काउंटरवरच्या दोन-तीन दिवसांच्या पैशांत मिळते, आणि त्यात काच, टायर, छप्पर, खालची बाजू, चुकीचं इंधन हे सगळं असतं. स्पेनमध्ये बंपर घासला तेव्हा कंपनीने साडेसहाशे युरो कापले, ते पुढे पूर्ण परत मिळाले. कागद मात्र पक्के लागतात : भाडेकरार, गाडी घेताना आणि देताना केलेली नुकसानीची नोंद, दुरुस्तीचं बिल किंवा अंदाजपत्रक, कार्डाचं स्टेटमेंट आणि अपघात असेल तर पोलिसांचा किंवा अपघाताचा फॉर्म. गाडी दुरुस्तीला उभी असताना बुडालेलं भाडं आणि कंपनीचं हाताळणी शुल्क पॉलिसीत धरलंय का तेही बघा. तो आकडा लहान नसतो.

ज्यांची मुलं, भाऊबंद अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक सांगते. तिकडच्या काही क्रेडिट कार्डांवर गाडीचं कव्हर फुकट मिळतं, पण कंपनीचा सीडीडब्ल्यू नाकारला तरच. आणि काही कार्डांच्या अटींमध्ये इटली आणि आयर्लंड वगळलेले असतात. इटलीत तर सीडीडब्ल्यू आणि चोरीचं कव्हर भाड्यात आधीच घातलेलं असतं, ते नाकारायची सोय बहुधा नसतेच. चुलतभाऊ येणार असेल तर कार्ड कंपनीकडून लेखी उत्तर मागवायला सांगा.

इसारकाठ

टेम्सपार, तुमचं गणित लंडनच्या पत्त्यावर बरोबर आहे. पण हप्ता सोडून आणखी एक गोष्ट आहे. एक्सेस शून्य नसेल तर कंपनी गाडी देताना कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवते. भारतीय कार्डाची मर्यादा दीड-दोन लाख असेल तर हॉटेलं, पेट्रोल, जेवण याला उरतं काय? रक्कम मोकळी व्हायलाही दिवस जातात. भारतातून येणाऱ्याला ही मर्यादा विम्याच्या हप्त्यापेक्षा जास्त जाचते.

टेम्सपार

हे मान्य. पण मग दोन कार्डं आणावीत. तेवढ्यासाठी रोजचे तीस युरो देणं मला पटत नाही.

शेवंती_५

कार्डाचा विषय निघालाच आहे म्हणून. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स अशी जोडी चालत नाही, परदेश प्रवासाचं प्रीपेड फॉरेक्स कार्डही डिपॉझिटला बहुतेक घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी चालू करा. मशीनवर 'रुपये की युरो' असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर दुकानदाराचं मशीन लावतं आणि तो महाग पडतो.

दुसरा चालक असेल तर त्याचं नाव करारात असलंच पाहिजे. नाव नसलेला माणूस चालवत असताना काही झालं तर विमा सगळाच जातो.

माचीवरून

दोघांनाही धन्यवाद. पत्ता पुण्याचा असल्याने कंपनीच्या साइटवरचं शून्य एक्सेसचं पॅकेज घ्यायचं ठरवतोय. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागेलच ना? काही जण म्हणतात इंग्रजी लायसन्स पुरतं. आणि लेकीच्या सीटचं काय?

डोंबारीखिंड

परमिट काढाच. सारथी पोर्टलवर अर्ज करून आरटीओकडून मिळतं, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स आणि परमिट दोन्ही बरोबर ठेवायचे, एकट्या परमिटला अर्थ नाही. पोलिसांनी अडवणं हा भाग कमी महत्त्वाचा. अपघातानंतर विमा कंपनी 'चालकाचा परवाना वैध होता का' इथून सुरुवात करते.

सीटबद्दल : जर्मनी, इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये मर्यादा दीड मीटर उंचीची (जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये किंवा वयाची बारा वर्षं पूर्ण), ऑस्ट्रियात १३५ सेंटीमीटर. सात वर्षांच्या मुलीला चारही देशांत सीट लागणार. घरून नेणार असाल तर तिच्यावर युरोपीय प्रमाणाची आर ४४ किंवा आर १२९ ही खूण पाहून घ्या.

इसारकाठ

सीमांबद्दल लिहायचं राहिलं. बुकिंग करतानाच कुठल्या देशांत जाणार ते सांगा आणि करारावर लिहून घ्या. काही कंपन्या महागड्या ब्रँडच्या गाड्या इटलीत नेऊ देत नाहीत, काही पूर्व युरोपात कुठलीच गाडी नेऊ देत नाहीत. परवानगीशिवाय सीमा ओलांडली तर विमा लागू राहत नाही, मग पॅकेज कितीही पूर्ण असो. तुम्ही म्युनिकलाच परत येताय हे उत्तम. दुसऱ्या देशात गाडी सोडली तर एकमार्गी शुल्क कधीकधी भाड्याहून मोठं होतं.

कळसूबाई_उत्तर

रस्त्यांचं मी सांगतो, हा माझ्या आवडीचा विषय आहे.

गूगल मॅप्स चालतं, पण त्याच्याकडून काय मिळत नाही ते माहीत हवं. सर्वात आधी इंटरनेट. युरोपियन युनियनमध्ये २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशांविना चालतं, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. 'युरोप' लिहिलेलं ई-सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे का ते बघा, नाहीतर स्टेल्व्हिओ उतरून पलीकडे गेल्यावर नकाशा गोठतो. चारही देशांचे नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा.

तिकडच्या पाट्यांवर दिशा नसतात, पुढच्या शहरांची नावं असतात. म्हणून निघण्याआधी त्या दिवसाच्या मार्गावरची चार-पाच मोठी गावं क्रमाने कागदावर लिहा आणि शेजारी बसणाऱ्याच्या हातात द्या. बोगद्यात जीपीएस जातं आणि बोगदा संपता संपता फाटा येतो, तिथे हा कागदच कामाला येतो. नावं भाषेप्रमाणे बदलतात. इटलीत म्युनिकला 'मोनाको' लिहितात, समुद्रकाठचं मोनाको ते नव्हे. बोल्झानो आणि बोत्सेन एकच. बेल्जियममध्ये तर एकाच महामार्गावर भाषेची हद्द ओलांडली की लीएजचं लाउक होतं आणि मॉन्सचं बेर्गेन.

रंगही बदलतात. जर्मनी, ऑस्ट्रियात महामार्गाची पाटी निळी. इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये महामार्ग हिरवा आणि निळी पाटी साध्या रस्त्याची. 'निळं दिसलं की महामार्ग' या सवयीने माणूस स्वित्झर्लंडमध्ये भलतीकडे वळतो.

टोल प्रत्येक देशाचा वेगळा. जर्मनीत गाड्यांना नाही. ऑस्ट्रियात विन्येट घ्यायचा, म्हणजे ठरावीक दिवसांचा महामार्ग पास, सीमेआधीच्या पंपावरही मिळतो. ब्रेनर आणि टाउएर्नसारख्या पट्ट्यांवर शिवाय वेगळा टोल आहे. ग्रोसग्लोकनरचा डोंगरी रस्ता आणि फेल्बरटाउएर्नचा बोगदा हेही स्वतंत्र. स्वित्झर्लंडचा विन्येट ४० फ्रँकचा आणि वर्षाचाच मिळतो, एका दिवसासाठी गेलात तरी. नसेल तर २०० फ्रँक दंड आणि वर विन्येटचे पैसे. २०२३ पासून तो डिजिटलही आहे, पण गाडीच्या नंबराशी जोडलेला असतो, म्हणून गाडी हातात आल्यावरच काढा आणि सरकारी संकेतस्थळावरूनच, कारण मधले दलाल जादा पैसे घेतात. परतताना ब्रेगेंझजवळ ऑस्ट्रियाचा छोटा तुकडा लागेल. जर्मन सीमेपासून होहेनएम्सपर्यंत तिथे विन्येट लागत नाही. तिथल्या वाहतुकीच्या कोंडीमुळे २०१९ च्या डिसेंबरपासून तसं केलंय.

ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतात एक गोष्ट जपा. गर्दीच्या शनिवार-रविवारी महामार्ग तुंबला की मॅप्स गावातली पळवाट सुचवतं. गावकरी या पळवाटांना इतके कंटाळले की सरकारने त्या दिवसांत बाहेरच्या गाड्यांना काही फाट्यांवर उतरायला बंदी घातली. पोलीस उभे असतात आणि परत महामार्गावर पाठवतात. अशा वेळी रांगेतच राहा. आणि रांग लागली की डाव्या लेनने डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायची असते, जर्मनी-ऑस्ट्रियात तो कायदा आहे. रुग्णवाहिका दिसायची वाट पाहायची नाही, वाहतूक थबकली की लगेच.

शेवंती_५

इटलीच्या झेडटीएलबद्दल कोणी लिहिलं नाही. जुन्या शहरांच्या गाभ्यात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि वर कॅमेरे. फाटक नसतं, पोलीस नसतो, मॅप्स सरळ आत नेतं. पाटीवर 'वार्को अतिवो' असेल तर कॅमेरे चालू, आत जायचं नाही. अतिवो म्हणजे 'रस्ता चालू' समजून लोक आत शिरतात. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते, त्याआधी गाडीवाली कंपनी तुमचं नाव कळवल्याचं शुल्क कार्डावरून कापते. ते शुल्क म्हणजे दंड नव्हे, दंड मागून येतोच. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर सहसा ३० टक्के सूट असते. विमा यातलं काहीही देत नाही. हॉटेल आत असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर नोंदवून घ्यायला सांगा, बहुतेक हॉटेलं करतात.

घाटवळण

आंबोली-ताम्हिणी चालवलेल्यांना स्टेल्व्हिओ जमेल, पण तुलना फार ताणू नका. २,७५७ मीटर उंची आणि पायथ्याच्या प्राड गावाच्या बाजूने ४८ वळणं, त्यात मोटारसायकली आणि सायकलवाले. ड्रायव्हर डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजवीकडे, म्हणजे आपला अंदाज उजव्या बाजूला चुकतो. भारतातून आलेल्यांच्या भाड्याच्या गाड्यांना उजवी रिम आणि उजवा आरसा इथेच मार जास्त बसतो. म्हणून ऑटोमॅटिकच घ्या, महाग पडली तरी. हाताला गिअर शोधायचं काम नसलं की नजर रस्त्यावर राहते. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालच्या गिअरचा मोड लावा. खिंड साधारण मेअखेरीस उघडते, पण जूनमध्येही बर्फ पडून एखादा दिवस बंद राहू शकते, त्या दिवसाचा दुसरा मार्ग तयार ठेवा.

स्वित्झर्लंडच्या डोंगरात पिवळ्या पोस्टबसला, म्हणजे तिथल्या प्रवासी बसला, आधी जाऊ द्यायचा मान आहे. तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की पुढच्या वळणावर थांबा आणि चालक हाताने सांगेल तसं करा. गरज पडली तर मागे घ्यायची गाडी तुमची. लाउटरब्रुनेनला गाडी ठेवा, वरती वेंगेन आणि म्युरेन या गावांत गाड्याच नाहीत. पार्किंगच्या रेषा बघा : स्वित्झर्लंडमध्ये निळी म्हणजे काचेत आल्याची वेळ दाखवणारी घड्याळाची चकती ठेवायची, पांढरी बहुतेक पैशांची. इटलीत उलट, पांढरी फुकट आणि निळी पैशांची. पिवळीच्या वाटेला दोन्हीकडे जाऊ नका.

माचीवरून

ही माहिती एका जागी कुठेच मिळाली नव्हती. एक शंका राहिली. खरोखरच कोणाला धडक बसली तर पहिल्या अर्ध्या तासात करायचं काय? भाषा येत नाही, आई-बाबा घाबरलेले असणार.

इसारकाठ

आधी रिफ्लेक्टरचं जाकीट अंगावर, मग त्रिकोण मागे, आणि महामार्गावर असाल तर सगळ्यांना कठड्यापलीकडे. ११२ हा क्रमांक चारही देशांत चालतो. कोणाला लागलं नसलं तरी पोलिसांना बोलवा, कारण बहुतेक भाडेकरारांमध्ये ती अट असते आणि पोलिसांची नोंद नाही म्हणून विमा नाकारलेला मी पाहिलाय. गाडीच्या कप्प्यात युरोपियन अपघात फॉर्म असतो का, ते गाडी घेतानाच बघा. दोन्ही गाड्यांसाठी दोन रकाने असतात आणि सगळ्या भाषांत रकान्यांचे क्रमांक तेच. त्यामुळे इंग्रजी प्रत फोनमध्ये ठेवली की समोरच्याचा इटालियन फॉर्म ओळ लावून भरता येतो. १२ व्या रकान्यात कोण काय करत होतं त्याच्या खुणा, १३ व्यात आकृती, १५ व्यात सह्या. समजलं नाही त्यावर सही करू नका, विशेषतः १२ व्या रकान्यावर. पुढचा सगळा हिशेब त्याच खुणांवर ठरतो. त्याच दिवशी गाडीच्या कंपनीला फोन, आणि नंतर लेखी ईमेलसुद्धा.

डोंबारीखिंड

गाडी घेताना पार्किंगमधून बाहेर पडण्याआधी एक सलग व्हिडिओ काढा. चारही रिम, छप्पर, काच, बंपरची खालची कड, इंधनाचा काटा आणि किलोमीटर. जुना ओरखडा यादीत नसेल तर परत काउंटरवर जाऊन लिहून घ्या, 'एवढं चालतं' हे तोंडी उत्तर घेऊ नका. देतानाही तसाच व्हिडिओ. ऑफिस बंद झाल्यावर किल्ली पेटीत टाकून आलात, तर बऱ्याच करारांप्रमाणे सकाळी ऑफिस उघडून ते गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमचीच असते. म्हणून परतीचं विमान पहाटेचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी, माणूस हजर असताना द्या आणि सही-शिक्क्याचा कागद घ्या.

इसारकाठ

आणि म्युनिक विमानतळावर गाडी देण्याच्या दिवशी टाकी भरायला वेळ ठेवा. 'मीटवागेन' अशी पाटी दिसली की ती भाड्याच्या गाड्यांची. इंधनाची पावती गाडीत टाकून देऊ नका, हिशेब मिटेपर्यंत जवळ ठेवा.